महाविद्यालयीन अध्यापकांचे माहिती शोध वर्तन : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

माहितीची गरज जाणवल्यापासून ती माहिती अध्यापनात वा संशोधनात वापरली जाईपर्यंत व्यक्ती ज्या कृती करते त्यांना माहिती शोध वर्तन असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे विवेचन करून सातारा व सांगली जिल्ह्यांशी निगडित विषयांवर काम करणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांपुढे कोणत्या स्वरूपाच्या अडचणी उभ्या राहतात हे प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे. ‘माहिती मिळत नाही’ या सर्वपरिचित विधानाचे चार वेगवेगळे अर्थ संभवतात व प्रत्येकावरील उपाय भिन्न आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : माहितीची गरज, माहिती शोध वर्तन, संदर्भसेवा, शोधशब्द, स्थानिक स्रोत.

प्रस्तावना

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्या सिद्धान्तांचे सार होय. या मांडणीत संग्रहापेक्षा वाचक केंद्रस्थानी आहे. तथापि महाविद्यालयीन ग्रंथालयाचे मूल्यमापन करताना आजही ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या, संगणकांची संख्या व वार्षिक खर्च यांचीच नोंद प्रामुख्याने घेतली जाते. एखाद्या अध्यापकाला कोणता प्रश्न पडला, त्याने उत्तर कोठे शोधले, ते मिळाले की नाही आणि मिळाले नसेल तर पुढे त्याने काय केले, याची नोंद सहसा कोठेही आढळत नाही.

ही उणीव वरवर पाहता लहान वाटते. परंतु तिचे परिणाम दूरगामी असतात. ‘या विषयावर काही साहित्य मिळत नाही’ हे वाक्य विभागाच्या बैठकीत, संशोधन आराखड्याच्या चर्चेत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या वेळी वारंवार ऐकू येते. अध्यापकाने असे म्हटले की विद्यार्थी तो विषय सोडून देतो. अशा रीतीने जे सापडले नाही ते अस्तित्वातच नाही असा समज रूढ होतो, आणि ज्या परिसरात महाविद्यालय उभे आहे तो परिसरच अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पांना स्थान मिळाल्यापासून स्थानिक विषयांवरील माहितीची गरज वाढली आहे. म्हणूनच ‘मिळत नाही’ या विधानाची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

माहितीची गरज व शोध वर्तन : संकल्पना

माहितीची गरज ही भूक वा तहान यांसारखी स्वयंस्पष्ट नसते. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात या गरजेचे चार स्तर सांगितले आहेत. प्रथम मनात एक अस्पष्ट अस्वस्थता असते. नंतर ती जाणिवेच्या पातळीवर येते, पण तिचे वर्णन विस्कळीत असते. तिसऱ्या स्तरावर तिला नेमक्या प्रश्नाचे रूप येते. चौथ्या स्तरावर मात्र वाचक आपला प्रश्न ग्रंथालयात जे उपलब्ध असेल असे त्याला वाटते त्याच्या मापाने कापून मांडतो. खानापूर तालुक्यातील दुष्काळी गावांमधून मुंबईला झालेल्या स्थलांतराची माहिती हवी असलेला अध्यापक ग्रंथपालाकडे ‘लोकसंख्याशास्त्रावरची काही पुस्तके’ मागतो, ते याचमुळे. त्याला चार पुस्तके मिळतात, नोंदवहीत देवघेव पूर्ण होते, परंतु मूळ प्रश्न तसाच राहतो.

निकोलस बेल्किन यांनी १९८० साली हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला. त्यांच्या मते शोध घेणाऱ्याच्या ज्ञानात एक विसंगती किंवा पोकळी असते. आणि जे आपल्याला ठाऊक नाही त्याचे अचूक वर्णन करणे स्वभावतःच कठीण असते. टी. डी. विल्सन यांनी १९८१ पासून विकसित केलेल्या प्रतिमानात माहितीची गरज ही व्यक्तीच्या कामातून व भूमिकेतून उद्भवते, आणि शोधाच्या मार्गात व्यक्तिगत, सामाजिक व परिस्थितीजन्य अडथळे असतात, हे दाखविले आहे. त्यामुळे अध्यापक ग्रंथालयात येत नाही याचा अर्थ त्याला माहितीची गरज नाही असा होत नाही. ती गरज तो अन्य मार्गाने भागवीत असतो.

प्रत्यक्ष शोधाच्या कृतींचे वर्णन डेव्हिड एलिस यांनी १९८९ साली केले. आरंभ करणे, एका संदर्भावरून दुसऱ्या संदर्भाकडे जाणे, चाळणे, स्रोतांमध्ये भेद करणे, नव्या लेखनावर लक्ष ठेवणे आणि उपयुक्त भाग वेचून घेणे, या त्या कृती होत. त्याच वर्षी मार्शिया बेट्स यांनी शोधाला रानातून बोरे-जांभळे वेचण्याची उपमा दिली. एकाच झुडपापाशी टोपली भरत नाही. थोडे इथे, थोडे तिथे मिळते, आणि वेचता वेचता मूळ प्रश्नही बदलत जातो. कॅरोल कुल्थाव यांनी १९९१ च्या सुमारास या प्रक्रियेत भावनांचे स्थान दाखवून दिले. आरंभीची अनिश्चितता व मध्यंतरीचा गोंधळ ही अपयशाची लक्षणे नसून शोधाचे स्वाभाविक टप्पे आहेत, हा त्यांचा निष्कर्ष विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अध्यापनासाठीचा शोध व संशोधनासाठीचा शोध

महाविद्यालयीन अध्यापक एकाच वेळी दोन भूमिका बजावतो. अध्यापनासाठी लागणारी माहिती बहुधा ज्ञात स्रोतातून, थोड्या वेळात व ठरावीक प्रमाणात हवी असते. अभ्यासक्रम ठरलेला असतो, संदर्भग्रंथांची यादी दिलेली असते आणि दुसऱ्या दिवशीच्या तासिकेपूर्वी उत्तर मिळणे आवश्यक असते. अशा वेळी स्वतःच्या कपाटातील पुस्तक, मागील वर्षाची टिपणे व शेजारच्या खुर्चीवरील सहकारी हेच सर्वांत सोयीचे स्रोत ठरतात. जॉर्ज झिप्फ यांनी १९४९ साली प्रतिपादन केलेले न्यूनतम श्रमाचे तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडते. यात आळस नाही. वेळेचा तो व्यवहार्य विनियोग आहे.

संशोधनाचा शोध याच्या अगदी उलट प्रकृतीचा असतो. तेथे स्रोत अज्ञात असतात, प्रश्न बदलत जातो आणि वेळेचा अंदाज बांधता येत नाही. अडचण अशी होते की अध्यापनात मुरलेली सवय संशोधनातही कायम राहते. स्वतःचे कपाट, सहकारी आणि त्यानंतर इंटरनेटवरील शोधयंत्राचे पहिले पान, एवढ्यावर शोध थांबतो. ग्रंथपालाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, आणि तोपर्यंत शोधनिबंध पाठविण्याची मुदत जवळ आलेली असते. ‘मिळत नाही’ हा निष्कर्ष पुष्कळदा याच टप्प्यावर काढला जातो. वस्तुतः या निष्कर्षाचे चार अर्थ संभवतात. माहिती अन्य नावाखाली असेल. ती अन्य ठिकाणी असेल. ती लेखी स्वरूपात आलीच नसेल. किंवा ती होती, पण नष्ट झाली असेल. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात या चारही शक्यतांची उदाहरणे पाहता येतात.

माहिती अन्य नावाखाली असणे

सांगली जिल्ह्याचा स्वातंत्र्यपूर्व काळातील शेतीविषयक वा लोकसंख्याविषयक इतिहास अभ्यासावयाचा आहे असे समजू. ‘सांगली जिल्हा’ हा शोधशब्द घेऊन कितीही प्रयत्न केला तरी १९४९ पूर्वीचे फारसे काही हाती लागत नाही. याचे कारण प्रशासकीय आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर हा भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा काही प्रदेश मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण झाला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नामांतर सांगली जिल्हा असे करण्यात आले. म्हणजेच १९५१ च्या जनगणनेची माहिती शोधताना दक्षिण सातारा हे नाव घ्यावे लागते. त्यापूर्वीच्या काळासाठी तासगाव वा वाळव्याची माहिती सातारा जिल्ह्याच्या कागदांत, तर सांगली, मिरज व जत यांची माहिती त्या त्या संस्थानांच्या कागदांत पाहावी लागते. आटपाडी व कुंडल ही गावे औंध संस्थानात होती. पलूस व कडेगाव हे तालुके तर पुष्कळ नंतर अस्तित्वात आले.

१८८५ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील सातारा खंड, १९६३ चे सातारा जिल्हा गॅझेटियर आणि १९६९ चे सांगली जिल्हा गॅझेटियर ही तीन साधने शेजारी ठेवून वाचली असता हा बदल स्पष्ट होतो. परंतु हा बदल आधी माहीत असल्याशिवाय सांगलीच्या अभ्यासकाला साताऱ्याचा १८८५ चा खंड उघडण्याचे कारण दिसत नाही. शोधाच्या यशाला साधनाच्या उपलब्धतेइतकेच पूर्वज्ञान आवश्यक असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या चळवळीबाबतही हेच घडते. तिचा उल्लेख कोठे ‘प्रतिसरकार’, कोठे ‘पत्री सरकार’, तर कोठे ‘समांतर सरकार’ असा येतो. शब्द जोडून लिहिला की तोडून, यावरही संगणकीय शोधाचा निकाल बदलतो. ही चळवळ ‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ म्हणून ओळखली जाते, तथापि कुंडलसारखी तिची महत्त्वाची केंद्रे आज सांगली जिल्ह्यात आहेत. कासेगाव येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीवर इंग्रजीतून लेखन केले आहे. केवळ मराठी शोधशब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिसणार नाही, आणि केवळ इंग्रजी शोधशब्द वापरणाऱ्याला कार्यकर्त्यांच्या मराठी आठवणी दिसणार नाहीत.

मराठी साहित्याच्या संगणकीय शोधात आणखी एक तांत्रिक अडथळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानंतर पीएच. डी. प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करण्याची पद्धत रूढ झाली व ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध खुले झाले. मात्र अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले किंवा पानांची प्रतिमा घेऊन चढविलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात. यंत्राला मात्र त्यांतील अक्षरे ओळखता येत नाहीत. परिणामी प्रबंधाच्या आतील मजकुरातील गावाचे वा व्यक्तीचे नाव शोधले असता निकाल शून्य येतो. ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेतही अनेक ठिकाणी मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, आणि तीही नोंदणी करणाऱ्याच्या उच्चारानुसार, भरलेली आढळतात. पुस्तक मांडणीवर असते. तालिकेत ते सापडत नाही.

मराठीतील पारिभाषिक संज्ञांच्या बाबतीत या परिसराला एक अनुकूलता लाभली आहे. मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथे सुरू झाले. १९७३ साली परिभाषासंग्रह, १९७६ साली पहिला खंड आणि २०१५ साली विसावा खंड अशी त्याची वाटचाल झाली. प्रथम परिभाषा निश्चित करावी व मग नोंदी लिहाव्यात, हा जो क्रम विश्वकोशाने स्वीकारला, तोच क्रम माहिती शोधणाऱ्यालाही मार्गदर्शक आहे. शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या विषयाला मराठीत, इंग्रजीत व जुन्या कागदांत कोणकोणत्या नावांनी संबोधले जाते याची यादी करणे ही शोधाची पहिली पायरी होय.

माहिती अन्य ठिकाणी असणे

इतिहासाची साधने जेथे निर्माण झाली तेथेच ती राहतात असे नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी सातारा येथे दुर्मिळ कागदपत्रे, चित्रे व ग्रंथ यांचा मोठा संग्रह करून ऐतिहासिक संग्रहालय उभारले. १९२६ साली त्यांचे निधन झाले आणि १९३९ साली हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. छत्रपतींच्या राजधानीशी संबंधित शाहू दप्तरही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्यामुळे साताऱ्याच्या इतिहासाचा अभ्यासक साताऱ्यातच शोध घेत राहिला, तर त्याच्या हाती अपुरे साहित्य लागणे स्वाभाविक आहे.

उलटपक्षी, बाहेरच्या अभ्यासकांना या परिसरात यावे लागले, याचीही उदाहरणे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ चा पहिला खंड वाई येथे मिळालेल्या कागदपत्रांवर आधारलेला आहे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांचे उदाहरण अध्यापकांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे अध्यापन करीत असताना त्यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तराचा अभ्यास केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२४ मधील आपल्या निधनापर्यंत ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड एकामागून एक सिद्ध केले. अध्यापनाचा भार सांभाळून, आपल्याच गावातील दप्तर वर्षानुवर्षे चिकाटीने वाचणारा शिक्षक मराठ्यांच्या इतिहासाला प्रथम दर्जाचे साधन देऊ शकला. माहिती अन्य ठिकाणी शोधावी लागते हे जितके खरे, तितकेच ती आपल्या दाराशी असूनही दुर्लक्षित असू शकते, हेही खरे होय.

इलेक्ट्रॉनिक साधनांनी स्थळाचे अंतर मोठ्या प्रमाणात कमी केले आहे. १९९१ साली सुरू झालेल्या इन्फ्लिबनेटने २०१० पासून एन-लिस्ट या योजनेद्वारे महाविद्यालयांपर्यंत हजारो ई-नियतकालिके व ई-ग्रंथ पोहोचविले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असे तिचे स्वरूप असून केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी ती आखण्यात आली. रसायनशास्त्राच्या वा सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकासाठी हा बदल क्रांतिकारक म्हणावा लागेल. परंतु या भांडारांतील साहित्य प्रामुख्याने इंग्रजी आहे. माण तालुक्यातील मेंढपाळांचे स्थलांतर किंवा जत भागातील जुनी जलव्यवस्था यांवरील तपशील तेथे मिळण्याची शक्यता अल्पच. त्यासाठी शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, कोल्हापूर, पुणे व मुंबई येथील पुराभिलेखागारे, औंधचे श्रीभवानी संग्रहालय व ग्रंथालय, वाईची प्राज्ञपाठशाळा आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालये यांकडेच वळावे लागते. वर्गणी भरून मिळणारे ज्ञान आणि परिसरात विखुरलेले ज्ञान ही दोन्ही परस्परपूरक आहेत. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

माहिती लेखी स्वरूपात नसणे

तिसरी शक्यता अशी की संबंधित माहिती कागदावर आलेलीच नसते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या व्यापाराच्या इतिहासात हरिपूर परिसरातील पेवांना महत्त्वाचे स्थान आहे. जमिनीखाली खोल खोदलेल्या या पेवांमध्ये हळद दीर्घकाळ टिकवून ठेवली जात असे. २००५ च्या महापुरात पेवांची मोठी हानी झाली. पेवासाठी जमीन कशी निवडावी, आतील बाजू कशी लिंपावी, तोंड कसे बंद करावे आणि पेव उघडल्यावर आत उतरण्यापूर्वी किती वेळ थांबावे, हे ज्ञान प्रामुख्याने काम करणाऱ्यांच्या अनुभवात होते. वाणिज्य वा भूगोलाच्या अध्यापकाने अशा विषयावर ग्रंथालयात शोध घेतला आणि काही मिळाले नाही, तर तो शोधाचा शेवट नसून क्षेत्रकार्याचा आरंभ होय.

माहिती मिळविण्यासाठी माणसाकडे जाणे ही अशास्त्रीय पद्धत आहे असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. डेरेक द सोला प्राइस व डायना क्रेन यांनी ‘अदृश्य महाविद्यालय’ या संकल्पनेद्वारे दाखवून दिले की प्रगत विज्ञानातही संशोधकांच्या अनौपचारिक संपर्कातून माहितीचा फार मोठा प्रवाह वाहत असतो. अध्यापक प्रथम सहकाऱ्याला विचारतो, कारण सहकारी प्रश्न समजून घेतो, प्रतिप्रश्न करतो आणि उत्तराबरोबर विश्वासही देतो. तालिका व शोधयंत्र यांना हे साधत नाही. दोष विचारण्यात नाही. मिळालेल्या उत्तराची पडताळणी न करण्यात आहे. मौखिक माहिती घेताना सांगणाऱ्याची संमती, तारीख, स्थळ व त्याचा त्या विषयाशी असलेला संबंध यांची नोंद ठेवली, आणि शक्य तेथे दुसऱ्या व्यक्तीकडून वा कागदावरून तिची खातरजमा केली, तर ती संशोधनाचे विश्वसनीय साधन ठरते.

पडताळणीचा मुद्दा छापील व इलेक्ट्रॉनिक साहित्यालाही तितकाच लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून अमलात असलेली केअर सूची फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिकाचा दर्जा ठरविण्याची जबाबदारी त्यामुळे शैक्षणिक संस्था व अध्यापक यांच्यावर आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संभाषण साधने तर अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची व लेखांची नावेही खऱ्यासारखी देऊ शकतात. ज्या स्थानिक विषयांवर मुळातच संगणकीय मजकूर कमी आहे, तेथे हा धोका अधिक संभवतो. संदर्भ दिला म्हणजे तो प्रत्यक्ष पाहिला असलाच पाहिजे, हा जुना दंडक आज नव्याने आवश्यक झाला आहे.

माहिती नष्ट झालेली असणे

चौथा अर्थ सर्वांत क्लेशदायक आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी ५७ फुटांवर गेली. १८६९ साली स्थापन झालेल्या सांगलीच्या नगरवाचनालयात पाणी शिरले आणि दुर्मिळ ग्रंथांसह हजारो पुस्तके भिजून निकामी झाली. स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी या संस्थेवर हा आघात व्हावा, ही गोष्ट वाचनसंस्कृतीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला चटका लावणारी होती.

चालू काळातील कादंबरी वा पाठ्यपुस्तक नष्ट झाले तर दुसरी प्रत घेता येते. मात्र जुन्या स्थानिक नियतकालिकांचे अंक, नगरपालिकांचे अहवाल, परिषदांच्या स्मरणिका, लहान मुद्रणालयांतून निघालेली चरित्रे व नाटके यांच्या प्रती मोजक्याच असतात. त्यांतील कोणती प्रत अन्यत्र आहे हे ठरविण्यासाठी संयुक्त सूची लागते. अशी सूची असेल तर काय गेले हे निदान कळते. नसेल तर काय गेले याचेही ज्ञान उरत नाही. माहिती शोध वर्तनाचा अभ्यास जतनाच्या प्रश्नाशी येथे येऊन मिळतो. जी साधने कोणी मागत नाही ती तळघरात किंवा खालच्या फडताळात जातात, आणि पाणी प्रथम तेथेच पोहोचते. एखाद्या जुन्या अंकाची अध्यापकाने केलेली मागणी ही त्या अंकाच्या रक्षणाचीही पहिली पायरी असते.

काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयांनी पुढील उपाय योजणे इष्ट ठरेल.

१) ग्रंथालयात ‘न मिळालेल्या माहितीची नोंदवही’ ठेवावी. अध्यापक व विद्यार्थी यांनी कोणता प्रश्न घेऊन शोध घेतला, कोणते शोधशब्द वापरले व कोठे शोध थांबला याची त्यात नोंद व्हावी. वर्षअखेरीस या नोंदींचे वरील चार अर्थांनुसार वर्गीकरण करावे. खरेदीच्या यादीपेक्षा ही नोंदवही ग्रंथालयाच्या धोरणाला अधिक उपयुक्त दिशा देऊ शकेल.

२) ग्रंथपालाचा सहभाग शोधाच्या अखेरीस न ठेवता प्रश्न ठरविण्याच्या टप्प्यावरच असावा. संशोधन आराखडा तयार करताना अध्यापक व ग्रंथपाल यांची अर्ध्या तासाची संदर्भ मुलाखत झाली, तर टेलर यांनी सांगितलेली चौथ्या स्तरावरील तडजोड पुष्कळ अंशी टाळता येते.

३) संगणकीय तालिकेत मराठी ग्रंथांच्या नोंदी देवनागरी युनिकोडमध्ये कराव्यात आणि स्थळनामांचे पर्याय द्यावेत. ‘सांगली जिल्हा’ या नोंदीपासून ‘दक्षिण सातारा’ व ‘सातारा जिल्हा : १९४९ पूर्वी’ या नोंदींकडे निर्देश असावा.

४) दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये व सार्वजनिक वाचनालये यांनी मिळून १९६० पूर्वीच्या स्थानिक प्रकाशनांची संयुक्त सूची करावी. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यापुरते काम हाती घेतले तरी हे कार्य आवाक्यातील आहे. दुर्मिळ प्रतींचे संगणकीय चित्रण त्या सूचीच्या आधारे प्राधान्यक्रमाने करता येईल.

५) विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय प्रकल्पात निष्कर्षांबरोबर शोधाची दैनंदिनीही मागवावी. विद्यार्थी कोठे गेला, कोणाला भेटला, काय मिळाले नाही, हे त्यात यावे. गुण देताना या दैनंदिनीला स्थान दिले तर इंटरनेटवरील मजकूर उतरवून काढण्याची प्रवृत्ती आपोआप कमी होईल.

समारोप

माहितीची साधने वाढली म्हणजे माहितीचा वापर वाढतोच असे नाही. वापर वाढण्यासाठी प्रश्न स्पष्ट व्हावा लागतो, त्याला योग्य नावे द्यावी लागतात, योग्य ठिकाण गाठावे लागते आणि हाती आलेल्या माहितीची पारख करावी लागते. सातारा व सांगली जिल्ह्यांना दप्तरे वाचणारे शिक्षक, कागद जमविणारे संग्राहक आणि विश्वकोश घडविणारे विद्वान यांची परंपरा लाभली आहे. त्यांच्याजवळ शोधयंत्रे नव्हती. परंतु ‘मिळत नाही’ या शब्दांपाशी ते थांबले नाहीत. आजच्या अध्यापकाने हे शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांचा चार अर्थांपैकी नेमका कोणता अर्थ आपल्याला अभिप्रेत आहे, एवढे स्वतःला विचारले तरी शोधाची दिशा बदलेल. नाव चुकले असेल तर ते दुरुस्त करता येते, ठिकाण चुकले असेल तर तेथे जाता येते, लिहिलेले नसेल तर लिहून ठेवता येते. जे शिल्लक आहे ते पुढील पुरापूर्वी मोजून व जपून ठेवणे, हे मात्र वेळेवरच करावे लागते.